वही कोरी आहे, म्हणजे मूल काही शिकत नाही का?

प्रश्न असा आहे: साडेतीन वर्षांची मुलगी काही महिन्यांपासून बालवाडीत जाते. आई रोज संध्याकाळी विचारते, "आज काय शिकलीस?" आणि रोज एकच उत्तर येतं, "खेळले." वही कोरी, गृहपाठ नाही, कपड्यांना रंग आणि माती. तिच्याच वयाची ओळखीतली मुलं अक्षरं गिरवतात, शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवतात. मग या बालवाडीत खरंच काही शिकवतात, की मुलांना नुसतं सांभाळतात? शाळा बदलावी का?

लहान मुलांच्या वर्गात मी बरीच वर्षं काम करते आहे आणि हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर आधी देते, कारणं नंतर. साडेतीन वर्षांच्या मुलीची वही कोरी असणं ही काळजीची गोष्ट नाही. पण ती "खेळले" म्हणते एवढ्यावरून बालवाडी चांगली आहे, असंही म्हणता येत नाही. मूल खेळातून शिकतं हे खरं, मात्र त्याला दोन गोष्टी मिळाव्या लागतात. एक, मध्येच कुणी न तोडलेला भरपूर वेळ. दुसरी, त्या खेळाकडे मनापासून लक्ष देणारं मोठं माणूस. या दोन गोष्टी असतील तर चार ठोकळे आणि बादलीभर पाणी पुरतं. त्या नसतील तर भिंतीवरच्या वेळापत्रकात कितीही उपक्रम लिहिलेले असोत, मी त्याला फारशी किंमत देत नाही.

आधी लिहिण्याबद्दल बोलते, कारण खरी धास्ती तिथे आहे. पेन्सिल धरायला बोटं लागतात हे सगळ्यांना दिसतं. खांदा, कोपर आणि मनगटही लागतं, हे सहसा ध्यानात येत नाही. मुलाचा हात खांद्याकडून बोटांकडे हळूहळू त्याच्या ताब्यात येतो. म्हणून दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात फिरवून रेघा ओढतं. पुढे बोटं खडूच्या टोकाकडे सरकतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात पेन्सिल सैलसर धरणं बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमू लागतं. मनगटातली ८ लहान हाडं जन्माच्या वेळी कूर्चेचीच, म्हणजे मऊ आणि लवचीक, असतात. ती पूर्ण हाडं व्हायला पुढची कितीतरी वर्षं जातात. अशा हाताला रोज पानभर गिरवायला लावलं तर मूल गिरवतं, पण पेन्सिल आवळून धरतं. हात दुखतो आणि तीच पकड अंगवळणी पडते. ती मोडणं किती जिकिरीचं असतं, हे पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

लिहिण्याची तयारी भलत्याच कामांत होत असते. भिंतीला लावलेल्या मोठ्या कागदावर ब्रश फिरवताना खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. चिकणमाती मळणं, कागद फाडणं, ओला स्पंज पिळणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, मणी ओवणं, एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात न सांडता ओतणं या सगळ्यांत बोटांना ताकद येते आणि दोन्ही हात एकमेकांना साथ द्यायला शिकतात. मुलगी माखून घरी येते आहे, म्हणजे तिचे हात रोज कामाला लागत आहेत. याचं मला तरी बरं वाटलं असतं.

आता ठोकळ्यांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण बालवाडीतली सगळ्यांत श्रीमंत वस्तू कोणती असं विचारलं तर मी बिनरंगी लाकडी ठोकळे म्हणेन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेने अशा ठोकळ्यांचा एक संच तयार केला. आजही जगभरच्या बालवाड्यांत तोच वापरतात. त्यातलं मूळ माप साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि १ पूर्णांक ३/८ इंच जाड. म्हणजे पुढची प्रत्येक बाजू आधीच्या बाजूच्या निम्मी. बाकीचे ठोकळे याच मापाच्या दुप्पट, चौपट किंवा अर्धे. भिंत बांधताना लांब ठोकळा संपला की मूल इकडेतिकडे बघतं, दोन छोटे उचलून त्या जागी ठेवतं आणि ते बरोब्बर बसतात. "दोन अर्धे मिळून एक" असं कुणी सांगितलेलं नसतं. ते हाताला कळलेलं असतं, आणि हाताला कळलेलं पुढे गणिताच्या वहीत ओळखीचं वाटतं.

ठोकळ्यांचा खेळ पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतो. अमेरिकेतल्या शिक्षिका हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये या पायऱ्यांचं वर्णन केलं आणि ते आजही वर्गात जसंच्या तसं दिसतं. सुरुवातीला मूल ठोकळे नुसते उचलून इकडून तिकडे नेतं. मग एकावर एक रचतं किंवा रांगेत मांडतं. त्यानंतर दोन उभ्या ठोकळ्यांवर एक आडवा टाकून पूल करतं. हा पूल पहिल्यांदा जमतो तेव्हाचा मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. पुढे चारी बाजूंनी बंद जागा तयार होते, डाव्या-उजव्या बाजू सारख्या दिसतील अशा रचना येतात, "हे रुग्णालय" अशी नावं मिळतात आणि शेवटी आधी ठरवून इमारत बांधली जाते. यातल्या वरच्या पायऱ्यांना थोडा वेळ पुरत नाही. साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना काय करायचं हे ठरवायला, जोडीदार जमवायला आणि ठोकळे गोळा करायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. विसाव्या मिनिटाला घंटा वाजली आणि "चला, आवरा" झालं, की मुलांच्या हाती फक्त तयारीच लागते; मुख्य खेळ राहूनच जातो. असं रोज होत राहिलं की मुलं मोठं काही बांधायचा बेतच सोडून देतात. मग "आमच्याकडे ठोकळ्यांत कुणी रमत नाही" असं म्हटलं जातं. माझ्या मते सलग पाऊण ते एक तासाचा मोकळा खेळ ही कमीत कमी गरज आहे. आवरायच्या पाच मिनिटं आधी तशी सूचना द्यावी आणि बांधकाम अर्धवट राहिलं असेल तर ते उद्यापर्यंत तसंच ठेवू द्यावं.

न तोडलेल्या वेळेची ही गोष्ट इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी फार पूर्वी पाहून ठेवली होती. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू झालं. तिथली एक सुमारे तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्टे, म्हणजे छोटे गोल ठोकळे, त्यांच्या खाचांत बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. माँटेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गायला सांगितलं. तिच्यासकट तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. मुलगी दट्टे मांडीत घेऊन काम करतच राहिली. तिने ते चाळीसहून अधिक वेळा केलं आणि मग आपणहून थांबली, ताजीतवानी दिसत. या वयाचं मूल एका जागी टिकत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. मला उलट दिसतं. मूल टिकतं, आपणच त्याला उठवतो. "छान! आता हे बघ," असं म्हणत मध्ये पडणारी प्रेमळ माणसं यात सर्वांत पुढे असतात.

म्हणूनच मोठ्या माणसाने खेळात काय करायचं, हा या कामातला सगळ्यांत अवघड भाग आहे. आधी गप्प बसून बघायचं. मुलगी मनोरा रचते आहे आणि तो तिसऱ्यांदा पडला. लगेच हात पुढे करायचा नाही. ती रडकुंडीला आली तर जवळ बसायचं आणि म्हणायचं, "दर वेळी कुठून पडायला लागतो, बघूया का?" या एका वाक्याने तिचं लक्ष अपयशावरून कारणाकडे जातं. "किती ठोकळे आहेत? हा कोणता रंग?" असे प्रश्न विचारले की मूल उत्तर देतं, पण खेळातून बाहेर येतं. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न खेळणाऱ्या मुलाला परीक्षेसारखा वाटतो. त्यापेक्षा दिसतंय ते नुसतं बोलून दाखवावं: "तू लांब ठोकळा खाली ठेवलास आणि छोटा वर." मुलाला शब्द मिळतात आणि खेळही चालू राहतो.

भातुकली, डॉक्टर-डॉक्टर, दुकान-दुकान हे खेळ पाहणाऱ्याला निव्वळ मजेचे वाटतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये खेळावर एक व्याख्यान दिलं, त्यातलं एक उदाहरण मी पालकांना आवर्जून सांगते. दोन सख्ख्या बहिणी "बहिणी-बहिणी" खेळत होत्या. एरवी त्या बहिणी होत्याच, पण तसं मुद्दाम वागत नव्हत्या. खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं याचे नियम त्या काटेकोर पाळत होत्या: सारखे कपडे, हातात हात, आमचं वेगळं आणि इतरांचं वेगळं. सोंगाच्या खेळात मूल स्वतःहून नियम ओढवून घेतं आणि त्यासाठी स्वतःला आवरतं. रुग्ण झालेलं मूल उठावंसं वाटत असूनही आडवं पडून राहतं. दुकानदार झालेली मुलगी रांगेतल्या सगळ्यांचं होईपर्यंत थांबते. "शांत बस" असं दहादा सांगून जे होत नाही, ते इथे आपसूक होतं. शिवाय ठोकळा हा फोन आहे असं दोघांनी मिळून मानणं, म्हणजे एका वस्तूला दुसरीची खूण मानणं. अक्षर ही आवाजाची खूण असते आणि आकडा संख्येची, त्याचीच ही पूर्वतयारी असते. या खेळात मोठ्यांनी शिरायचं तर भूमिका घेऊन शिरावं. "डॉक्टर, माझा गुडघा दुखतोय," म्हणावं, दोन मिनिटं रुग्ण व्हावं आणि निघून यावं. दिग्दर्शक होऊ नये.

इथेच "माझं मूल इतरांबरोबर खेळत नाही" या काळजीबद्दलही सांगते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदवले: नुसतं बघणं, एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवाणघेवाण करत खेळणं आणि एकत्र बेत आखून खेळणं. दोन वर्षांची मुलं शेजारी बसून वेगवेगळी खेळली तर ते अगदी वयाला साजेसं आहे. वाटून घेणंही या वयात मागून मिळत नाही. पाळणाघरात दोन-अडीच वर्षांच्या गटासाठी एकाच प्रकारची खेळणी दोन-तीन ठेवली तर निम्मी रडारड थांबते. आणि मोठं मूलसुद्धा कधी बाजूला बसून बघत असतं, तेव्हा तो वेळ वाया गेलेला नसतो. काही मुलं आधी सगळं बघून घेतात आणि मगच उतरतात.

भाषा आणि आकडे यांच्याबद्दल थोडक्यात. शंभरपर्यंत म्हणणं हे पाठांतर आहे. मोजणं त्याहून वेगळं. मानसशास्त्रज्ञ रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. त्यातली दोन घरी सहज तपासता येतात. प्रत्येक वस्तूला एकच आकडा देता येतो का? आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण वस्तू, हे कळतं का? मुलीला "मला चार चमचे दे" म्हणून पाहा. शंभरपर्यंत म्हणणारी कितीतरी मुलं मूठभर चमचे आणून देतात. जिला रोज बालवाडीत पाच जणांसाठी पाच ताटल्या मांडायला मिळतात, ती चार चमचे मोजून आणते. वाचनाचंही तसंच. अक्षर डोळ्यांनी ओळखण्याआधी आवाज कानाने सुटे करता यावे लागतात. "पान, कान, छान, आणखी काय?" किंवा "कावळा, कागद, कमळ, यांच्या सुरुवातीला कोणता आवाज आला?" हे खेळ रांगेत उभं राहतानासुद्धा होतात. गोष्टीचं पुस्तक वाचताना मध्ये थांबून "आता हा काय करेल?" असं विचारावं आणि मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत त्याला द्यावं. तेच पुस्तक पंधरा दिवस मागितलं तर पंधरा दिवस वाचावं. पाचव्या-सहाव्या वाचनानंतर गोष्ट मूलच सांगायला लागतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

चित्रकलेच्या भिंतीकडे मात्र नीट बघा. वीस मुलांची वीस सारखी फुलपाखरं टांगलेली असतील, तर ती बहुधा मोठ्यांनी कापलेली आणि मोठ्यांनी सांगितल्या जागी चिकटवलेली असतात. त्यातून पालक खूश होतात, मुलाच्या वाट्याला फार थोडं येतं. त्यापेक्षा नुसत्या गिरगोट्या, बंद न झालेले गोल, डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं दिसली तर आनंद माना. तीन-चार वर्षांची मुलं माणूस असाच काढतात. "हे काय काढलंस?" असं विचारण्यापेक्षा "याबद्दल सांग ना मला," म्हणून बघा. कधी काही सांगतील, कधी पळून जातील.

पाळणाघरातल्या अगदी लहान मुलांसाठी वेगळे उपक्रम शोधत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यांची दिनचर्या हाच त्यांचा अभ्यास. एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी १९४६ मध्ये बुडापेस्टमध्ये बाळांसाठी एक संगोपनगृह सुरू केलं. तिथे लंगोट बदलणं, अंघोळ, भरवणं ही कामं घाईने उरकायची नाहीत, असा दंडक होता. "आता मी तुझा हात बाहीत घालते," असं बाळाला सांगायचं आणि त्याने हात पुढे करण्याची वाट बघायची. उरलेल्या वेळात बाळाला जमिनीवर मोकळं सोडायचं. जे अजून स्वतः बसत नाही त्याला उशा लावून बसवायचं नाही. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट बदलताना जर कुणी डोळ्यांत बघून बोलत असेल, तर तेवढे भाषेचे धडे झालेच. थोड्या मोठ्या मुलांसाठी चपला घालणं, बटणं लावणं, हात धुणं, सांडलेलं पुसणं हेच धडे. त्यांना वेळ लागतो. पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं देणारं पाळणाघर मला आवडतं.

शरीराच्या हालचालीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन दिलं आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि त्यातली निदान ६० मिनिटं धावणं-उड्या मारणं यांसारखी दमवणारी. झोप १० ते १३ तास, दुपारची धरून. बसून पडदा बघणं जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. दोन वर्षांचं होईपर्यंत अजिबात नको. बालवाडीत मुलं शांत राहावीत म्हणून टीव्ही लावला जात असेल, तर तेवढ्या एका गोष्टीवरून मी दुसरी जागा शोधायला सुरुवात करेन. सुरक्षेच्या दोन गोष्टीही बघून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाताशी सव्वा इंच व्यासाच्या नळीत मावेल अशी बारीक वस्तू नसावी, म्हणजे मणी ओवण्याचा खेळ मोठ्यांच्या गटात आणि तोही नजरेखाली. आणि पाण्याच्या खेळात मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, पाणी चार बोटं खोल असलं तरी.

साडेतीन वर्षांच्या मुलाबाबत खरी दखल घ्यायची ती वेगळ्या गोष्टींची. नावाने हाक मारल्यावर सहसा वळून न बघणं, दोन-तीन शब्दांची वाक्यंही न जुळणं, सोंगाचा खेळ कधीच न दिसणं, किंवा आधी येत असलेलं बोलणं-वागणं हरवत जाणं. यातलं काही दिसलं तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना भेटा. अक्षरं न गिरवणं या यादीत येत नाही.

संध्याकाळी "काय शिकलीस?" या प्रश्नाचं उत्तर साडेतीन वर्षांच्या मुलीला देता येत नाही, कारण आपण शिकलो हे तिला कळलेलंच नसतं. "आज कुणी काही बांधलं का?", "पाणी कुठे सांडलं?", "तू कोण झाली होतीस?" असं छोटं आणि ठोस काही विचारा, आणि तेही घरी पोहोचल्या पोहोचल्या नको. आंघोळीच्या किंवा झोपायच्या वेळी गोष्टी आपोआप बाहेर येतात.

आणि शाळा बदलायची की नाही, हे मुलीच्या वहीवरून किंवा शेजारच्या मुलाच्या पाढ्यांवरून ठरवू नका. एक दिवस परवानगी घेऊन वर्गात तासभर बसा. मुलं कशाची तरी वाट बघत किती वेळ बसतात ते बघा. मोठी माणसं मुलांशी बोलताना खाली बसतात की वरूनच बोलतात, भांडण झालं तर दोघांचंही ऐकून घेतात का, भीती घालून काम करवतात का, याकडे लक्ष द्या. मग तिच्या बाईंना एवढंच विचारा: "गेल्या आठवड्यात ती कशात रमली होती?" "छान आहे, हुशार आहे" एवढंच उत्तर आलं तर आणखी एक-दोन वर्ग पाहून या. आणि बाई म्हणाल्या की ती तीन दिवस बाहुलीसाठी पूल बांधत होती, खांब दूर ठेवल्यामुळे फळी पडायची, गुरुवारी तिने खांब जवळ आणले, तर मुलीला तिथेच राहू द्या.